आधी वायू, मग वीज

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आले, तेव्हा आपल्याकडच्या सर्व्हिस मोटारी लोणारी कोळशावर धावू लागल्या. गाडीच्या पाठीमागे लोखंडी पिंपासारखी भट्टी बसवलेली असे. क्लीनर तीत कोळसा भरायचा, खालून पेटवायचा आणि हाताने फिरवायच्या पंख्याने वारा घालत राहायचा. काही वेळाने भट्टीतून जळाऊ वायू येऊ लागे. तो गाळणीतून गाळून नळीवाटे इंजिनात सोडला की गाडी सुरू व्हायची. पेट्रोलच्या मानाने ताकद बरीच कमी, त्यामुळे घाट आला की गाडी अडखळायची. तरी पेट्रोलच्या टंचाईची ती वर्षे अनेक मार्गांवर अशा गाड्यांनीच निभावून नेली.

त्या पिंपात जे घडत होते तेच मोठ्या आकारात, वीज केंद्रांत आणि कारखान्यांत, घडवण्याचा प्रयत्न जपानपासून अमेरिकेपर्यंत आणि तिरुचिरापल्लीपासून अंगुलपर्यंत झाला आहे. सारी गोम हवेच्या मापात आहे. कोळशाला भरपूर हवा मिळाली तर तो पुरता जळतो. त्यातून उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो, आणि कार्बन डायऑक्साइड पुन्हा जळत नाही. हवा मुद्दाम अपुरी दिली तर कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू विषारी खरा, पण जळतो. त्याच लालबुंद कोळशावर पाण्याची वाफ सोडली तर कार्बन वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा होतो. तोही जळतो. या दोन वायूंच्या मिश्रणाला 'सिनगॅस' म्हणतात आणि घन कोळशापासून तो मिळवण्याच्या क्रियेला गॅसिफिकेशन, म्हणजे वायूकरण.

कोळशाच्या वायूशी मुंबईची ओळख याहूनही जुनी. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, आणि लालबागच्या 'गॅस कंपनी लेन'ने त्या कारखान्याची आठवण नावात जपली आहे. मात्र तो वायू बंद भट्टीत, हवा न देता कोळसा तापवून काढलेला होता. त्यात कोळशाचा थोडाच भाग वायू होतो आणि बाकीचा कोक म्हणून मागे राहतो. वायूकरणात राख सोडली तर जवळजवळ सगळा कोळसा वायूत जातो. हे पुरते साधले ते विसाव्या शतकात, मुख्यतः जर्मनीत. १९२०च्या दशकात विंकलर यांची, १९३०च्या दशकात लुर्गी कंपनीची आणि पुढे कॉपर्स-टोट्झेक यांची, अशा भट्ट्यांच्या तीन जाती तिथे घडल्या. जर्मनीकडे तेल नव्हते आणि कोळसा मुबलक होता, म्हणून याच वायूपासून तिथे पेट्रोल बनवले गेले. तेच तंत्र पुढे दक्षिण आफ्रिकेने उचलले. सासोल कंपनी १९५० साली स्थापन झाली, १९५५पासून तिने कोळशातून इंधन काढायला सुरुवात केली, आणि तिचा सेकुंडा इथला कारखाना आज जगात एकाच ठिकाणाहून सर्वांत जास्त हरितगृह वायू सोडणाऱ्या कारखान्यांत अग्रभागी गणला जातो. वायूकरण हे नाव कानाला स्वच्छ वाटते म्हणून सेकुंडाचे उदाहरण सुरुवातीलाच समोर ठेवलेले बरे.

मग वीज बनवण्यासाठी या तंत्राची एवढी ओढ कशासाठी?

नेहमीच्या औष्णिक केंद्रात दळलेला कोळसा बॉयलरमध्ये जाळतात, त्या उष्णतेने पाण्याची वाफ करतात आणि वाफेवर टर्बाइन फिरवतात. जुन्या संचांत कोळशातल्या शंभर भाग उष्णतेपैकी पस्तीसच्या आसपास भागांची वीज होते. उरलेली उष्णता कूलिंग टॉवर आणि चिमणीवाटे निघून जाते. कोळशाबरोबर आलेला गंधक, पारा, राख हा सारा ऐवज चिमणीकडे निघालेल्या धुरात मिसळतो. या धुरात तीन चतुर्थांशाच्या आसपास हवेतलाच नायट्रोजन असतो. म्हणजे किलोभर कोळशाची घाण दहा-पंधरा घनमीटर गरम धुरात पसरते आणि मग ती वेचायला अवाढव्य यंत्रणा उभारावी लागते. भारतात गंधक वेचणाऱ्या यंत्रणेची सक्ती डिसेंबर २०१५मध्ये झाली. पुढे मुदतीमागून मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५मध्ये बहुसंख्य संचांना त्यातून सूटच मिळाली. खर्च हे त्याचे एक मोठे कारण होते.

वायूकरणात हा क्रम उलटतो. पंगतीच्या पानापानांतून खडे वेचत बसण्यापेक्षा तांदूळ शिजायला टाकण्याआधीच निवडून घ्यावेत, तसा हा प्रकार. भट्टीत हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन दिला आणि वायू तीस-चाळीस पट दाबाखाली ठेवला, तर तेवढ्याच कोळशापासून निघणाऱ्या वायूचे आकारमान धुराच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी भरते. इतक्या थोड्या जागेत कोंडलेली घाण काढणे सोपे जाते. इथे गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात येतो, तो विशिष्ट द्रावणात धुऊन काढता येतो आणि त्यापासून विकण्याजोगा पिवळा गंधक, गंधकाम्ल किंवा जिप्सम मिळते. पाऱ्यासाठी सक्रिय कोळशाचा थर पुरतो. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्सपोर्टला ईस्टमन कंपनी १९८३पासून कोळशाच्या वायूवर रसायने बनवत आली. फोटोच्या फिल्मसाठी लागणारा कच्चा मालही त्यांत होता. त्या प्रक्रियेत पारा अजिबात चालत नव्हता, म्हणून तो काढण्याची रीत तिथे रोजच्या कामाचा भाग झाली. वीज केंद्रांना ती आयती मिळाली.

धुतलेला वायू मग विमानाच्या इंजिनाच्या जातीच्या गॅस टर्बाइनमध्ये जाळतात. टर्बाइन फिरून वीज होते. टर्बाइनमधून बाहेर पडणारे वायू सहाशे अंशांच्या घरात तापलेले असतात. त्यांवर पाण्याची वाफ करून दुसरे टर्बाइन फिरवतात. एकाच कोळशावर दोनदा वीज, हे या केंद्रांचे सूत्र. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'आयजीसीसी' म्हणतात.

हे तंत्र चिकाटीने तडीस नेण्याचे श्रेय जपानमधल्या फुकुशिमा प्रांताला द्यावे लागते. फुकुशिमा म्हटले की अणुभट्ट्या आठवतात, पण या प्रांताच्या दक्षिणेला, इवाकी शहराच्या परिसरात जोबान नावाचे जुने कोळसाक्षेत्र आहे. तिथला कोळसा हलक्या प्रतीचा होता आणि खाणीत गरम पाण्याचे झरे फुटायचे, त्यामुळे काम भारी जिकिरीचे. तो हलका कोळसा खपावा म्हणून १९५५ साली जोबान जॉइंट पॉवर ही कंपनी निघाली आणि नाकोसोला समुद्रकाठी वीज केंद्र उभे राहिले. पुढे तेल स्वस्त झाले आणि खाणी आचके देऊ लागल्या. तेव्हा खाण कंपनीने एक धाडस केले. ज्या गरम पाण्याने खाणकामगारांना छळले, त्याच पाण्यावर तिने १९६६ साली हवाई बेटांच्या धर्तीचे करमणूक केंद्र उघडले आणि खाणकामगारांच्या मुलींना हुला नाच शिकवून रंगमंचावर आणले. ते केंद्र आजही चालू आहे. खाणी बंद पडल्यावर गावाने पुढे काय करायचे, हा प्रश्न ज्या ज्या कोळसापट्ट्यापुढे उभा आहे त्याने ही गोष्ट मुळातून समजून घ्यावी.

खाणी गेल्या, वीज केंद्र राहिले. जपानच्या वीज कंपन्यांनी एकत्र येऊन २००१ साली एक संशोधन कंपनी काढली आणि नाकोसोत २५० मेगावॅटचा प्रायोगिक संच उभारला. २००७मध्ये त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. या संचाची भट्टी जवळून पाहण्यासारखी आहे. तिला जणू दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावर कोळशाची भुकटी आणि हवा एकत्र सोडतात. तिथले तापमान अठराशे अंशांच्या आसपास जाते. राख वितळून काचेच्या रसासारखी होते, भिंतीवरून ओघळते, तळाच्या भोकातून खाली पाण्यात पडते आणि काळ्या, चकचकीत कण्या होऊन फुटते. वरच्या मजल्यावर फक्त कोळशाची भुकटी सोडतात, हवा नाही. खालून येणाऱ्या उष्णतेवर या भुकटीचा वायू होतो आणि त्यात उष्णता खर्ची पडल्याने वायू आपोआप थोडा थंडही होतो. वायू न झालेला जळका अंश चाळून घेऊन पुन्हा खालच्या मजल्यावर पाठवतात. भट्टीच्या भिंती विटांच्या नसून पाणी खेळणाऱ्या नळ्यांच्या आहेत, आणि वितळलेल्या राखेचा थर गोठून त्याचेच त्यांना संरक्षण मिळते.

जपान्यांनी इथे एक निर्णय प्रवाहाविरुद्ध घेतला. अमेरिका-युरोपातली बहुतेक केंद्रे भट्टीला शुद्ध ऑक्सिजन देत होती. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढायला मोठा कारखाना लागतो आणि केंद्राने बनवलेली बरीच वीज तोच खातो. नाकोसोने हवाच वापरली. वायू पातळ झाला, पण घरची वीज वाचली.

११ मार्च २०११ला त्सुनामीची लाट नाकोसोच्या केंद्रात शिरली. सगळा प्रांत उद्ध्वस्त झालेला असताना कामगारांनी जुलैअखेर संच पुन्हा चालू केला. त्या उन्हाळ्यात अणुभट्ट्या बंद पडत होत्या आणि जपानला एकेक मेगावॅट हवा होता. २०१३मध्ये हा प्रायोगिक संच व्यापारी झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्याने सलग ३,९१७ तास चालून दाखवले. कोळशाच्या वायूवरचे केंद्र सलग पाच महिन्यांहून अधिक काळ न थांबता चालते हे त्यातून सिद्ध झाले. या तंत्रावरचा सगळ्यात मोठा आक्षेप तोच होता, की ते सारखे बंद पडते. पुढे २०२१च्या एप्रिलमध्ये नाकोसोत ५२५ मेगावॅटचा आणि नोव्हेंबरमध्ये शेजारच्या हिरोनोत ५४३ मेगावॅटचा संच सुरू झाला. कोळशातल्या उष्णतेपैकी सुमारे ४८ टक्क्यांची वीज होते, असे या संचांबद्दल सांगितले जाते. नेहमीच्या चांगल्या केंद्राच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइड साधारण १५ टक्क्यांनी कमी.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात केम्पर परगण्यात सदर्न कंपनीने ५८२ मेगावॅटचे केंद्र उभारायला घेतले. शेजारच्याच खाणीतला ओलसर लिग्नाइट कोळसा, नवी 'ट्रान्सपोर्ट' पद्धतीची भट्टी, आणि कार्बन डायऑक्साइडचा ६५ टक्के हिस्सा पकडून तेलविहिरींना विकण्याचा संकल्प. स्वच्छ कोळशाचे आदर्श केंद्र म्हणून त्याच्याकडे पाहिले जात होते. अंदाज होता सुमारे २४० कोटी डॉलरचा आणि २०१४मध्ये ते सुरू व्हायचे होते. खर्च ७५० कोटींवर गेला. भट्ट्या कशाबशा पेटल्या, वायूवर वीजही निघाली, पण वायू थंड करणाऱ्या यंत्रणेत गळती लागली आणि दुरुस्तीला पुन्हा दीर्घ काळ लागणार हे दिसू लागले. जून २०१७मध्ये राज्याच्या वीज नियामकांनी सांगितले, की हे केंद्र नैसर्गिक वायूवरच चालवा. कंपनीने कोळशाचे काम थांबवले. ऑक्टोबर २०२१मध्ये भट्ट्यांचा तो प्रचंड सांगाडा सुरुंग लावून पाडण्यात आला.

केम्पर का फसले याची कारणे तंत्रात आहेत तशी बाजारातही आहेत. कागदावर योजना आखली तेव्हा अमेरिकेत नैसर्गिक वायू महाग होता. २००८ सालच्या सरासरी भावाच्या तुलनेत २०१२ साली तो तिपटीहून स्वस्त झाला होता. खडकातून वायू काढण्याच्या नव्या तंत्राने बाजार उलटापालटा केला. जो वायू भूगर्भातून आयता मिळतो, तोच कोळशापासून बनवण्यासाठी कोट्यवधी डॉलर कोण खर्चणार? पण दोष सगळा बाजारावर ढकलणेही बरोबर नाही. लहान संचावर पुरेशी वर्षे न घालवता नवी भट्टी एकदम मोठ्या आकारात उभारणे, आराखडा पुरा व्हायच्या आत बांधकाम सुरू करणे, आणि वीज केंद्र चालवणाऱ्यांच्या हाती अचानक एक रसायन कारखाना देणे, या तिन्ही चुका तिथे एकत्र आल्या. आयजीसीसी केंद्र हा खरे तर रसायन कारखानाच आहे, वीज हे त्याचे शेवटचे उत्पादन. नाकोसोने २५० मेगावॅटवर कित्येक वर्षे घासूनपुसून घेतली आणि मग दुप्पट आकाराला हात घातला. केम्परने ती वर्षे वाचवायला पाहिली.

युरोपातली केंद्रेही टिकली नाहीत. नेदरलँड्समधले बुखनमचे २०१३ साली, स्पेनमधले पुएर्तोयानोचे २०१६ साली बंद झाले. अमेरिकेत इंडियाना राज्यातले वॉबाश रिव्हरचे केंद्रही २०१६ साली थांबले. तिन्ही ठिकाणी तंत्र चालत होते, पण हिशेब बसत नव्हता.

कार्बनचा हिशेब इथेच मांडायला हवा, कारण 'स्वच्छ कोळसा' या शब्दांत तो बऱ्याचदा झाकला जातो. भारतातल्या कोळशाच्या केंद्रांतून युनिटमागे सरासरी एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. नाकोसोसारख्या उत्तम केंद्रातूनही तो सातशे ग्रॅमच्या घरात राहतो. नैसर्गिक वायूच्या चांगल्या केंद्रातून साडेतीनशे ते चारशे ग्रॅम. म्हणजे गंधक, पारा आणि धूलिकण यांच्या बाबतीत वायूकरणाने मोठी मजल मारली हे खरे, पण हवामानाच्या दृष्टीने नुसते वायूकरण पुरत नाही. त्याचे खरे बळ पुढच्या पायरीत आहे. सिनगॅसमध्ये आणखी वाफ मिसळून तो उत्प्रेरकावरून नेला, की कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि जास्तीचा हायड्रोजन मिळतो. चिमणीच्या धुरात कार्बन डायऑक्साइड बारा-पंधरा टक्के असतो. इथे तो चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि दाबाखाली असतो, त्यामुळे पकडणे बरेच सोपे. हिरोशिमा प्रांतातल्या ओसाकी बेटावर १६६ मेगावॅटच्या संचात हे करून पाहण्यात आले आहे. उत्तर डकोटातल्या ब्यूला गावाजवळचा कारखाना १९८४पासून लिग्नाइटचा नैसर्गिक वायू बनवतो, आणि २०००पासून तिथला कार्बन डायऑक्साइड सुमारे ३३० किलोमीटर लांब नळाने कॅनडातल्या वेबर्नच्या तेलक्षेत्रात जातो. तिथे तो जमिनीत मुरतो हे खरे, पण त्याच्या जोरावर आणखी तेल वर येते हेही तितकेच खरे.

भारताची अडचण मात्र या सगळ्यांहून वेगळी आहे, आणि तिचे नाव राख.

आपल्या कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे थोडाच. पण राख तीस ते पंचेचाळीस टक्के. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा या भागात राहणाऱ्यांना ती आकड्यांत सांगावी लागत नाही. शंभर टन कोळसा आला की पस्तीस-चाळीस टन राख मागे राहतेच, आणि तिच्यासाठी गावाशेजारी राखेचे बंधारे बांधावे लागतात. जुलै २०२२मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला, तेव्हा राखेचे पाणी नाल्यांतून नदीकडे आणि शेतांत शिरले. राख वितळवणारी नाकोसोसारखी भट्टी आपल्या कोळशाला मानवत नाही. आपली राख वितळायला चौदाशे-पंधराशे अंशांच्या वर तापमान लागते, आणि कोळशाचा एवढा मोठा हिस्सा नुसता वितळवण्यात उष्णता घालवली तर विजेसाठी उरणार काय? परदेशी तंत्र जसेच्या तसे आणून चालणार नाही हे आपल्या अभियंत्यांनी फार लवकर ओळखले होते, आणि त्यासाठी त्यांचे मनापासून कौतुक करायला हवे.

भेल या सरकारी कंपनीने तिरुचिरापल्लीला १९८०च्या दशकात ६.२ मेगावॅटचा छोटा संच उभारला. आधी त्यात कोळशाच्या ढेकळांचा थर हळूहळू खाली सरकणारी भट्टी होती. नंतर भेलने तिथे दाबाखालची फ्लुइडाइज्ड बेड भट्टी बसवली. दिवसाला १६८ टन कोळसा घेणाऱ्या या भट्टीत बारीक कोळसा खालून येणाऱ्या हवा-वाफेच्या झोतावर उकळत्या पाण्यासारखा खदखदत राहतो. तापमान हजार अंशांच्या आसपासच ठेवतात, म्हणजे राख वितळत नाही आणि कोरडी बाहेर पडते. आपल्या कोळशाला जुळणारी वाट हीच आहे. मात्र तीत थोडा कार्बन न जळता राखेबरोबर निसटतो, त्यावर अजून काम व्हायला हवे. तिरुचिरापल्लीच्या अनुभवावर आंध्रात विजयवाड्याला १२५ मेगावॅटचा संच उभारायचे ठरले होते, पण ते प्रत्यक्षात आले नाही. ही साखळी तिथे तुटली याची खंत वाटते. सहा मेगावॅटवरून सव्वाशेवर जाण्याची ती पायरी त्याच वेळी चढली असती, तर आज आपल्या कोळशासाठी आपलेच तपासलेले तंत्र हाती असते. जानेवारी २०२२मध्ये भेलच्या हैदराबादच्या केंद्रात जास्त राखेच्या भारतीय कोळशापासून मिथेनॉल काढणारा प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. दिवसाला पाव टन एवढेच मिथेनॉल, पण ९९ टक्क्यांहून शुद्ध.

विजेऐवजी मिथेनॉल का, हे समजले की भारतातल्या पुढच्या घडामोडी उलगडतात. गेल्या दशकात सौर वीज इतकी स्वस्त झाली, की वायूकरणातून केलेली महाग वीज तिच्यासमोर टिकत नाही. शिवाय दुपारी सूर्य तळपत असताना केंद्र मंद करायचे आणि संध्याकाळी झपाट्याने चढवायचे, असा चढउतार आज कोळशाच्या केंद्रांकडून मागितला जातो. वायूकरणाची भट्टी एकसारखी चालण्यात सुखी असते. उलट खत, मिथेनॉल, अमोनिया यांसाठी आपण परदेशावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहोत आणि हे कारखाने वर्षभर एकाच गतीने चालतात. ओडिशातल्या अंगुलला जिंदाल स्टील अँड पॉवरने २०१४च्या सुमारास कोळशाच्या वायूवर लोहखनिजातून स्पंज आयर्न बनवायला सुरुवात केली; अशा रीतीचा तो जगातला पहिलाच मोठा कारखाना. तालचेरला कोळशापासून वर्षाला १२.७ लाख टन युरिया बनवणारा कारखाना उभा राहतो आहे. त्याचा पायाभरणी समारंभ सप्टेंबर २०१८मध्ये झाला, आणि त्याच्या भागीदारांत मुंबईची राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स म्हणजे आरसीएफही आहे.

तालचेरला हा प्रयोग दुसऱ्यांदा होतो आहे, याची आठवण ठेवायला हवी. १९८० साली तालचेर आणि रामागुंडम इथे कोळशावरचे दोन खत कारखाने सुरू झाले होते. रामागुंडम गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, गोदावरीच्या काठी. कॉपर्स-टोट्झेक भट्ट्या, कमी-अधिक प्रतीचा आणि राखेने भरलेला कोळसा, सतत खंडित होणारी वीज. दोन्ही कारखाने क्षमतेच्या जवळपासही कधी पोचले नाहीत आणि १९९९ साली बंद झाले. रामागुंडमचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा कोळसा सोडून नैसर्गिक वायू घेण्यात आला. नव्या तालचेरमध्ये कोळशात राख कमी असलेला पेट्रोलियम कोक मिसळायची योजना आहे. जुन्या अनुभवातून घेतलेला तो शहाणा धडा आहे.

केंद्र सरकारने २०३०पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाचे वायूकरण करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि जानेवारी २०२४मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले. या साहाय्यातून निवडलेल्या प्रकल्पांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचाही समावेश आहे. तिथे कोळशापासून अमोनियम नायट्रेट आणि हायड्रोजन बनवण्याचा आणि कोळशाच्या वायूवर स्पंज आयर्न बनवण्याचा, असे दोन प्रकल्प आहेत. अमोनियम नायट्रेट हे खाणीतल्या सुरुंगांचे मुख्य रसायन. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी भोवतालीच आहेत आणि स्फोटकांचा मोठा उद्योग नागपुरात आहे. म्हणजे कच्चा माल, उत्पादन आणि गिऱ्हाईक तिन्ही एकाच टापूत. बांधणीच्या दृष्टीने ही निवड चांगली वाटते.

पण विदर्भाने काही प्रश्न आत्ताच, पाया भरत असतानाच विचारले पाहिजेत. पहिला पाण्याचा. वायूकरणाला वाफ लागते आणि वायू धुवायलाही पाणी लागते. चंद्रपूरचे वीज केंद्र आणि चंद्रपूर शहर दोघेही इरई धरणावर अवलंबून आहेत, वर्धा नदीवर शेतीचाही हक्क आहे. उन्हाळ्यात कोणाला किती पाणी, हे करारात लिहिलेले आणि लोकांना वाचता येईल असे हवे. दुसरा सांडपाण्याचा. थर खाली सरकणाऱ्या जुन्या जातीच्या भट्टीत डांबर आणि फिनॉल तयार होतात, आणि फिनॉलमिश्रित पाणी नदीत गेले तर विहिरीचे पाणी पिण्याजोगे राहत नाही. कोणती भट्टी निवडली जाते त्यावर हे ठरते, म्हणून ती निवड गावकऱ्यांच्याही कामाची आहे. तिसरा राखेचा, आणि तो तर जुनाच आहे. कोळसा जाळा किंवा त्याचा वायू करा, राख तेवढीच निघणार. फ्लुइडाइज्ड बेडची राख कोरडी मिळते, विटा आणि सिमेंटसाठी ती उपयोगी पडू शकते, पण त्यासाठी कारखान्याच्या दारातच तिचा उठाव हवा. पाण्यात कालवून बंधाऱ्यात ढकलायची नेहमीची वाट इथे पुन्हा धरू नये.

आणि चौथा कार्बन डायऑक्साइडचा. अमोनियम नायट्रेटसाठी लागणारा अमोनिया बनवताना तो वेगळा काढावाच लागतो. म्हणजे एरवी जे काम सगळ्यात महाग पडते ते इथे प्रक्रियेतच होऊन जाते. शुद्ध कार्बन डायऑक्साइड हाती येतो आणि प्रश्न उरतो तो ठेवायचा कुठे एवढाच. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टच्या कातळात सोडला. त्यातला ९५ टक्क्यांच्या आसपास भाग दोन वर्षांच्या आतच खनिज होऊन दगडात बसला, असे २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वालुलाला २०१३मध्ये हजार टनांच्या आसपास वायू बेसाल्टमध्ये सोडून पाहिला गेला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या कातळावर वसला आहे तो बेसाल्टच, आणि वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या थरांवरही पश्चिमेकडे त्याचा पापुद्रा पसरलेला आहे. आयआयटी मुंबईत कार्बन पकडणे आणि वापरणे यासाठीचे राष्ट्रीय केंद्रही आहे. दख्खनच्या कातळात भेगा किती, पाणी किती, पूर्वेकडे पातळ होत गेलेल्या थरांखाली वायू अडून राहील का, हे भद्रावतीच्या आसपास खोल भोके पाडून तपासावे लागेल. त्या तपासणीचा खर्च कारखान्यांच्या आराखड्यात आत्ताच धरला, तर भट्ट्या पेटतील त्या वर्षी उत्तरही हाती असेल.